शंपा ससाणीची भूक

एका राज्यात तीन बाजूंना डोंगर होते आणि चौथ्या बाजूला नजर पोचेल तिथवर जोंधळा होता. राजाचे नाव पुरंजय, राणीचे नाव कुमुद्वती. राजा नेमबाज होता, मनाचा मोकळा होता, प्रजेच्या घरी कार्य असले की आमंत्रणाची वाट न पाहता जाऊन पंगतीत बसणारा होता. पण शेजारच्या राजाने आपल्या दरबारावर सोन्याचे छत चढवले हे त्याच्या कानावर आले, आणि त्या दिवसापासून त्याला आपल्या दरबाराची लाल कौले डोळ्यांत खुपू लागली.

राज्याच्या उत्तरेला काळभिंत नावाचा कडा होता. कड्यात गुहा होती, आणि गुहेत धूम्रकेश मांत्रिकाचे सोने होते. ते सोने कसे जमले हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते. फार मागे, पाऊस रुसला त्या साली, धूम्रकेशाने मंत्र टाकून शेताशेतांतली उरलीसुरली कणसे ओढून घेतली आणि एकेका दाण्याची एकेक मोहोर करून गुहेत रचली. त्या सोन्याच्या पोटात अजून भूक होती. संधी मिळाली तर पंख फुटून उडावे आणि खात सुटावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण गुहेच्या तोंडावर एका ससाणीचे घरटे होते. ती मांत्रिकाची चाकर नव्हती आणि राजाचीही नव्हती. ती आपली तिथे राहत होती, आभाळातून विजेसारखी कोसळून पारवे धरीत होती. तिच्या भीतीने सोने सोनेच राहिले होते.

राजा पुरंजय एके सकाळी धनुष्य घेऊन, खेचरे घेऊन काळभिंतीवर गेला. गुहेच्या तोंडाशी पोचतो तोच ससाणीने झेप घेऊन त्याचा फेटा उडवला. राजाला राग आला. तिने दुसऱ्यांदा झेप घेतली तेव्हा त्याने प्रत्यंचा ओढली आणि बाण सोडला. बाण तिच्या उजव्या पंखात शिरला. ससाणी गिरक्या खात खडकावर पडली.

तेवढ्यात राजाचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत दगडाचा झाला. प्रत्यंचा ओढताना कोपर जसे मागे गेले होते तसेच ते राहिले.

गुहेतून खळखळाट ऐकू आला. मोहोरा एकमेकींवर आपटू लागल्या, त्यांना माना फुटल्या, पंख फुटले, आणि सोन्याच्या चोचीच्या भोरड्यांचा, दाणे फस्त करणाऱ्या पाखरांचा, थवा गुहेबाहेर पडला. थवा इतका मोठा होता की कड्यावरचे ऊन विझले. आभाळात त्याने एक वळसा घेतला आणि तो जोंधळ्यावर उतरला.

गुहेच्या आत राखेच्या ढिगावर धूम्रकेश बसला होता. तो उठलाही नाही.

“पुरंजया, माझे सोने तू मोकळे केलेस,” तो म्हणाला. “आता ते खाईल आणि मी गब्बर होईन. त्यांनी गिळलेल्या दर दाण्याची नवी मोहोर होईल, आणि तिला पुन्हा पंख फुटतील.”

“यावर उपाय?” राजाने विचारले.

“जिला तू पाडलेस तिलाच विचार. तिने आपल्या पंखांनी, आपल्या नखांनी आणि आपल्या भुकेने त्या थव्याचा म्होरक्या आभाळातून खाली आणला, तर माझी विद्या संपली. पण तिला कोणी पाठवलेले चालणार नाही. कोणी इशारा केलेला चालणार नाही. ती आपणहून गेली पाहिजे.” आणि तो हसला. “तिचा पंख तर पाहा.”

राजाने पाहिले. पंख मोडून लोंबत होता, पण छाती धपापत होती. त्याने डाव्या हाताने आपले उपरणे सोडले, ससाणीला त्यात गुंडाळले आणि खेचरे रिकामी घेऊन तो घरी आला.

राणी कुमुद्वतीचे माहेर डोंगरातले. तिथे घरोघरी एखादा शिकारी पक्षी असे. कोणाचा पडलेला, कोणाचा वादळात सापडलेला. त्याला बरे करायचे आणि सोडून द्यायचे, अशी तिथली रीत. राणीने राजाचा हात पाहिला, बाहेर पडलेला थवा महालाच्या सज्जातून पाहिला, आणि उपरणे उलगडले. तिने बाण काढला, जखम धुतली, हाड जुळवले आणि पंख अंगाशी मऊ पट्टीने बांधला.

“वाचेल?” राजाने विचारले.

“वाचेल. पण वाचणे आणि शिकार करणे यांत पुष्कळ अंतर आहे, महाराज.”

राजाला त्या अंतराचा अर्थ तेव्हा कळला नाही. त्याला फक्त आपण काय केले ते दिसत होते. तो रोज ससाणीपाशी बसू लागला. दगडी कोपरामुळे त्याला दारातून आडवे होऊन शिरावे लागे, तरी तो येई. डाव्या हाताने मांसाचे बारीक तुकडे करी आणि एकेक तिच्या चोचीत देई. त्याने तिचे नाव शंपा ठेवले. शंपा म्हणजे वीज.

एके दिवशी तुकडे संपले, राजा उठू लागला, तेव्हा ससाणी स्पष्ट आवाजात म्हणाली, “आणखी.”

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. सगळा महाल धावत आला. त्या दिवसापासून शंपा बोलू लागली. आधी शब्द, मग वाक्ये, मग गोष्टी. ढग वरून कसे दिसतात ते ती सांगे. प्रधानजी चालताना बगळ्यासारखे दिसतात असेही सांगे. दरबार हसे. राजाही हसे, आणि हसता हसता आणखी एक तुकडा तिच्या चोचीत देई. पट्टी सुटली, हाड जुळले. शंपा गुबगुबीत झाली.

पण बाहेर थवा वाढत होता. शेतकरी महालाच्या दारात आले. त्यांच्यात पुढे होती भागीरथा नावाची एक उंच बाई. तिच्या हातात गोफण होती.

“महाराज, गोफणीचा धोंडा त्यांच्या अंगातून आरपार जातो,” ती म्हणाली. “जाळे टाकले तर जाळेही खातात. निम्मे रान उजाड झाले. आम्ही काय करायचे ते सांगा, नाहीतर गाव सोडायची परवानगी द्या.”

राजाने शंपाला सज्जात आणले. “शंपे, तो थवा दिसतो?”

“दिसतो,” शंपा म्हणाली. “गोड दिसतो. महाराज, आज लाव्याचे मांस आहे की पारव्याचे?”

भागीरथाने गोफण खांद्यावर टाकली आणि ती माघारी गेली. राजाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

त्याच दिवशी राणी कुमुद्वतीने साधे लुगडे नेसले आणि ती दक्षिणेच्या डोंगरात गेली. तिथे दीर्घग्रीव नावाचे गिधाड राहत होते. त्याने इतके मृत्यू पाहिले होते की जगणे कशाने होते हे त्याला पक्के ठाऊक झाले होते.

“ससाणी जिवंत आहे, धडधाकट आहे, पण ससाणी राहिलेली नाही,” राणी म्हणाली. “काय करू?”

गिधाडाने मान लांब केली. “पंख, नखे, भूक. मांत्रिकाने तीन गोष्टी सांगितल्या, तू तिन्ही परत आण. पंखाची मोठी पिसे मोडली असतील.”

“मोडली आहेत. उडायला गेली की एका कुशीवर कलते.”

“वाघसुळक्यावर एक म्हातारी ससाणी आहे. तिची झडलेली पिसे माग. नराची आणू नकोस; नर अंगाने लहान, त्याची आखूड पडतील. पिसे लागली की बोडक्या माळावरच्या वाऱ्याकडे जा. त्यानंतरचे माझ्याकडे येऊन विचार.”

राणी वाघसुळक्यावर चढली. हात सोलले, लुगडे फाटले. म्हातारी ससाणी आपल्या कपारीत बसली होती.

“पिसे देते,” ती म्हणाली. “माझ्या काय कामाची? पण माझ्या कपारीत अंडी असतील तेव्हा तुमच्यातले कोणी इथे येणार नाही, असे वचन दे.”

“दिले.”

“राजाच्या वतीने?”

“त्याच्या वतीनेही.”

राणी पिसे घेऊन परतली. मोडक्या पिसांचे देठ तिने जपून कापले, बांबूच्या बारीक काड्या तासल्या, प्रत्येक काडीचे एक टोक देठात आणि दुसरे नव्या पिसात बसवले आणि बाभळीच्या डिंकाने जोड पक्का केला. राजाने डाव्या हाताने शंपाला धरले होते. “दुखते का?” तो पुन्हा पुन्हा विचारीत होता. “पिसांना दुखत नाही, महाराज,” शंपा म्हणाली, “पण तुम्ही विचारलेत ते बरे वाटते.”

मग राणीने तिला बोडक्या माळावर नेले. तिथे एक झाड नव्हते, आणि वारा उघडपणे राहत होता.

“हिला बळ दे,” राणी वाऱ्याला म्हणाली.

“मी बळ देत नाही,” वारा म्हणाला. “मी आडवा येतो. माझ्याशी जी झगडेल तिचे बळ तिच्यातूनच निघेल. रोज आण. एक दिवस चुकवलास तर माझ्याकडे पुन्हा मागू नकोस.”

राणीने रोज आणले. शंपाच्या पायातल्या चामड्याच्या वादीला लांब हलकी दोरी बांधून तिला मुठीवरून सोडायचे, आणि वारा समोरून यायचा. पहिल्या खेपेस ती हाताच्या अंतरावर जाऊन बसकण मारून बसली आणि धापा टाकू लागली.

“राणीसाहेब, हे फार आहे.”

“उठ.”

“मी चालत आले तर?”

“उठ, शंपे.”

दिवस गेले. अंगावरची चरबी उतरली. छातीचे मांस घट्ट झाले. दोरीच्या टोकापर्यंत ती एका दमात जाऊ लागली. मग राणीने चामड्याचे खोटे पाखरू केले, त्याला पिसे बांधली आणि दोरीने ते डोक्याभोवती गरगर फिरवले. शंपाने आधी त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले आणि विचारले, “हे कशासाठी?” पुढे पुढे तिचे विचारणे बंद झाले. ती वळू लागली, उलटी होऊ लागली, खोट्या पाखराला नखे घालू लागली. एकदा तिने असा फटका मारला की चामडे उसवले.

राणीला वाटले, झाले. तिने दोरी सोडली आणि एका माजलेल्या पारव्याला शंपाच्या समोरून उडू दिले. शंपाने झेप घेतली, वारा कापला, पारवा गाठला, आणि त्याच्या बाजूने उडता उडता त्याला म्हणाली, “कुठे निघालात?” मग ती वळली आणि राणीच्या मुठीवर येऊन बसली.

“मी किती वेगाने गेले पाहिलेत का? आता घास द्या.”

राणीने दोरी गुंडाळून ठेवली. पंख आले होते, नखे आली होती. एवढ्या मेहनतीनंतर हातात एक चपळ, गोड बोलणारी मैना उरली होती.

ती दीर्घग्रीवाकडे गेली तेव्हा गिधाडाने विचारले, “तिला कोण भरवते?”

“महाराज. त्यांच्या हातचे घेतल्याशिवाय ती जेवत नाही.”

“मग ऐक. जी चोच माणसाच्या हातचा घास खाते, तिला माणसाची वाचा येते. जेवढी वाचा येते, तेवढी शिकारीची भूक जाते. दोन्ही एका गळ्यात मावत नाहीत. तिसरे काम तुझे नाही, राणी. ज्याने भरवले त्यानेच करायचे. त्याने गप्प बसायचे.”

राणीने घरी येऊन राजाला सांगितले. राजाने शंपाची रिकामी थाळी उचलून मांडीवर घेतली.

“ती माझ्याशी पुन्हा कधीच बोलणार नाही?”

“नाही, महाराज.”

“मला ओळखेल तरी?”

राणीने मान खाली घातली. राजाला उत्तर समजले. “आणि मी हे केले नाही, तर गावे ओस पडतील,” तो म्हणाला. “तिला तरी या महालात काय आहे? मी तिला आधी बाणाने पाडले. नंतर घास देऊन देऊन पाडले. सांग, काय करायचे ते.”

राणीने बोडक्या माळाच्या कडेला बांबूचे लांबलचक आवार उभारले; वर जाळी, चारी बाजूंना तट्ट्या. आतून माणूस दिसू नये, माणसाचा आवाज येऊ नये. एका झडपेतून जिवंत लावे आत सोडायचे. पकडले तर खाणे. आणि तिचा जीव जाऊ नये म्हणून रोज थोडे मांस नळीवाटे आत सरकवायचे, ते कुठून आले हे तिला कळू न देता. “उपाशी मारायचे नाही,” राणी म्हणाली, “भूक जागी करायची.” झडप ओढायचे काम राजाने मागून घेतले. त्याला डावा हात पुरे होता.

पहिल्या दिवशी शंपा म्हणाली, “महाराज, तट्टीमागे तुम्हीच आहात. तुमच्या हाताचा दगड घासल्याचा आवाज मला ओळखू येतो.”

राजा गप्प बसला.

“रागावलात का?”

राजा गप्प बसला.

“प्रधानजींना बगळा म्हणाले म्हणून? पुन्हा म्हणणार नाही. महाराज, मला भूक लागली आहे.”

राजाने दातांत उपरण्याचे टोक धरले. झडप ओढली. लावा आत गेला, फडफडत कोपऱ्यात दडला. शंपाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती दिवसभर तट्टीकडे तोंड करून बसली होती, आणि राजाही तट्टीकडे तोंड करून बसला होता. दोघांच्या मध्ये बांबूची एक पातळ भिंत होती.

पुढे ती चिडली. लाव्यावर झेपावली, चुकली, तट्टीवर आदळली. “पाहा, लागले!” ती ओरडली. कोणी पाहायला आले नाही. तिने एक नाकतोडा धरला आणि खाल्ला, जणू खाल्लाच नाही अशा तोऱ्यात. दुसऱ्या लाव्याच्या मागे ती थोडी अधिक धावली. तिसऱ्याच्या शेपटीचे पीस तिच्या नखात राहिले. त्या पिसाकडे ती फार वेळ पाहत बसली.

तिची वाक्ये लहान होत गेली. गोष्टी गेल्या, चौकशा गेल्या. मग फक्त शब्द उरले: “महाराज.” “घास.” “या.”

याच सुमारास धूम्रकेश आला. भर दुपारी तो तट्टीच्या कडेने धुरासारखा झिरपत आला आणि राजाच्या शेजारी माणसासारखा मांडी घालून बसला.

“पुरंजया, कशाला हा छळ?” तो हलकेच म्हणाला. “तिला हाक मार. एकच हाक. ती पुन्हा तुझी होईल, जन्मभर गोष्टी सांगेल. आणि मी तुझा हात मोकळा करतो. बघ.”

त्याने दगडी बोटांवर फुंकर घातली. एक बोट हलले. किती दिवसांनी हलले! त्या बोटात ऊब आली, मुंग्या आल्या. राजाचे सगळे शरीर त्या एका बोटाकडे धावले.

तट्टीच्या पलीकडून शंपा म्हणाली, “महाराज.”

“बोल,” धूम्रकेश म्हणाला. “ती वाट पाहते आहे.”

राजाला नकार द्यायचा होता, पण नकारालाही आवाज लागतो. त्याने डावा तळवा आपल्या तोंडावर घट्ट दाबला आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी तळव्यावर ओघळत होते. तो मान हलवीत राहिला. उबदार झालेले बोट थंड पडले, पुन्हा दगड झाले. धूम्रकेशाचा धूर झाला आणि वाऱ्याने तो माळावरून हुसकून लावला.

राजाने तोंडावरचा हात काढला आणि झडप ओढली. लावा आत शिरला. तट्टीपलीकडे शब्द आला नाही. पंखांची सरसर आली, एक धप्प असा आवाज आला आणि मग काही आले नाही.

राजाने फटीला डोळा लावला. शंपाने लावा धरला होता. दोन्ही पंख पसरून, शेपूट जमिनीला टेकवून तिने आपले भक्ष्य झाकले होते आणि ती मान वळवून चारी दिशांना पाहत होती. फटीतला डोळा तिला दिसला. तिने चोच उघडली. आतून फिस्कारा आला.

राजाने धावत जाऊन राणीला आणले. राणीने फटीतून पाहिले आणि तिला हसूही आले, रडूही आले.

“ती माझ्यापासून लपवते आहे,” राजा कुजबुजला.

“हो,” राणी म्हणाली. “आता ती बरी झाली.”

त्यानंतर आवारातून फक्त किकाट्या ऐकू आल्या, जशा कड्यावरून ऐकू येतात.

सोडण्याची सकाळ आली. राज्यात शेवटचा एक पट्टा जोंधळा उभा होता, माळाच्या पायथ्याशी, आणि भोरड्यांचा थवा त्याच्यावर घिरट्या घालीत होता. लोक माळाच्या उतारावर जमले. राणीने सगळ्यांना हात जोडून सांगितले, “कोणी ओरडू नका, बोट दाखवू नका, टाळी वाजवू नका. ती गेली तर आपल्या मनाने गेली, राहिली तर आपल्या मनाने राहिली.” भागीरथाने आपली गोफण पाठीमागे धरली.

राणीने पहाटेच्या अंधारातच शंपाच्या पायातल्या वाद्या कापल्या होत्या; आता तिने तट्टीचा दरवाजा आडोशातून उघडला. शंपा बाहेर आली. तिने माणसांकडे पाहिले, जसे दगडांकडे पाहावे. मग ती उडाली आणि थव्याच्या उलट्या दिशेने निघून गेली.

उतारावर कोणीतरी हुंदका दिला. राजाने डोळे मिटून घेतले.

“महाराज, उघडा डोळे,” राणी हळूच म्हणाली. “वर पाहा.”

शंपा गेली नव्हती, उंची घेत होती. वारा आडवा येत होता आणि ती त्याच्याच अंगावर चढत होती, वर, आणखी वर, सूर्य पाठीशी येईपर्यंत. तिथून ती एका ठिपक्याएवढी दिसत होती. मग ठिपका कलला आणि पंख मिटून खाली सुटला.

थव्याला कळले. हजारो पाखरे एका देहासारखी आखडली, चेंडू झाली, आणि शंपा त्या चेंडूला भेदून रिकामी खाली निघाली. थव्यातून नाणी खुळखुळावीत तसा हसण्याचा आवाज आला.

ती पुन्हा चढली. दुसऱ्या झेपेत थवा दुभंगला, आणि ती डाव्या तुकड्यामागे गेली. तिच्या नखात एक पीस आले, ते हवेतच पिवळे होऊन वितळले. उतारावरच्या लोकांनी श्वास रोखून धरला होता. एक म्हातारा पुटपुटू लागला, तर भागीरथाने त्याच्या तोंडावर पदर धरला.

शंपा तिसऱ्यांदा चढली. या वेळी तिने घाई केली नाही. थवा वळत होता, फुगत होता, आकुंचत होता, आणि ती वरून नुसती पाहत होती. प्रत्येक वळणाला एक पाखरू आधी वळत होते आणि बाकीची त्याच्यामागून. माणसांना ते दिसले नसते. ते पाखरू माळाकडे वळले आणि क्षणभर थव्यापुढे एकटे पडले, तोच शंपा सुटली. शिट्टीसारखा आवाज झाला. फटका असा बसला की तो माळावर ऐकू आला.

म्होरक्या खाली पडला तो पाखरू म्हणून पडला नाही. हवेत तो फुटला आणि जोंधळ्याचे दाणे झाला. त्याच्यामागून दुसरे पाखरू फुटले, मग शंभर, मग सगळा थवा. आभाळातून जोंधळा कोसळू लागला. जुन्या दुष्काळातला, या सालचा, ज्याच्या त्याच्या तोंडचा. लोकांच्या डोक्यांवर, पदरांत, ओंजळीत, उजाड वाफ्यांत दाणे पडत होते आणि पडतच होते. आता लोक ओरडले. पोट भरून ओरडले.

राजाने फेट्यावर पडलेले दाणे झटकायला हात वर केला. दोन दाणे झटकल्यावर त्याच्या लक्षात आले की तो उजवा हात होता. त्याने कोपर सरळ केले, वाकवले, पुन्हा सरळ केले. मग त्याने तो हात राणीच्या खांद्यावर ठेवला, आणि तो तिथेच दाण्यांच्या ढिगात बसला.

काळभिंतीच्या बाजूने एक वाळका म्हातारा खाली उतरत आला. त्याच्या अंगात विद्या उरली नव्हती. पोटात भूक होती, साधी, माणसाची. लोकांनी त्याला ओळखले आणि वाट अडवली. भागीरथाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“भाकरी मिळेल,” ती म्हणाली. “पण आधी दाणे गोळा करायला हात लावायचा. सगळ्यांच्या घरचे.”

धूम्रकेश खाली वाकला आणि दाणे वेचू लागला.

तिकडे शंपाच्या नखात काहीच उरले नव्हते. शिकार हातची जाऊन जोंधळा झाली होती, आणि तिला भूक होती. ती माळाच्या कडेच्या खडकावर बसून अंग झाडत होती. इतक्यात सांडलेले दाणे पाहून काळभिंतीचे पारवे उतरले. तिला कोणी पाठवले नाही. ती सपाटीवरून, जमिनीला लागून गेली, आणि पारवे उठले तेव्हा त्यांच्यातला एक उठला नाही.

राजा उठून तिच्याकडे गेला. जवळ नव्हे, जिथून तिचे डोळे दिसतील तिथवर. तिने पंख पसरून पारवा झाकला, त्याच्याकडे पाहून फिस्कारली, मग भक्ष्य नखांत पकडून जड उड्डाण घेतले आणि काळभिंतीच्या दिशेने गेली. एकदाही मागे वळली नाही.

राजा मोठ्याने हसला. राणीला वाटले तो रडत असेल, म्हणून ती धावत आली. पण तो खरोखरच हसत होता.

“राणी, तिने मला चोर समजले,” तो म्हणाला. “चल, घरी जाऊ. मला आज दोन्ही हातांनी जेवायचे आहे.”

दरबारावर कौलेच राहिली. काळभिंतीवर आणि वाघसुळक्यावर अंड्यांच्या दिवसांत कोणी चढले नाही. त्या राज्याच्या कणग्यांत जसा जोंधळा परत आला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरी येवो, आणि सांगणाऱ्याच्याही.